पंधरा किलोंचा परिग्रह

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात, महावीर जन्मकल्याणकाचा उत्सव आटोपल्यावर, मी एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत पदभ्रमण करून आलो. त्या वाटेचे दोन हंगाम आहेत. एक एप्रिल-मे आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुसरा बराचसा चातुर्मासात येतो, म्हणून मी पहिला निवडला. परत आल्यावर आप्तेष्टांनी पुष्कळ प्रश्न विचारले. थंडी किती होती, श्वास लागला का, एव्हरेस्ट कसे दिसले? तळछावणीवरून एव्हरेस्टचे शिखर दिसतच नाही, त्यासाठी शेजारच्या कालापत्थरच्या उंचवट्यावर चढावे लागते, हे ऐकून बहुतेकांचा हिरमोड झाला. सोबत काय काय नेले होते, असे मात्र कोणीही विचारले नाही. आणि मला तर या सगळ्या प्रवासात जे शिकायला मिळाले ते त्या पिशवीतूनच मिळाले. म्हणून हा लेख शिखराविषयी नसून पिशवीविषयी आहे.

या पदभ्रमणाची व्यवस्था अशी असते. काठमांडूकडून लहान विमानाने लुक्ला येथे उतरायचे. गर्दीच्या हंगामात ही विमाने बहुधा काठमांडूऐवजी काही तासांच्या अंतरावरील रामेछाप येथून सुटतात. लुक्ला सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे आणि तिथली धावपट्टी जेमतेम अर्ध्या किलोमीटरची. त्यामुळे विमानात प्रत्येकाला एकूण पंधरा किलोच सामान नेता येते. दहा किलो मोठ्या पिशवीत आणि पाच किलो हातातल्या पिशवीत. पुढे नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, गोरकशेप असे मुक्काम करीत आठ-नऊ दिवसांत ५,३६४ मीटरवरील तळछावणी गाठायची. वाटाड्या बरोबर असतो. मोठी पिशवी भारवाहक नेतो, लहान पिशवी आपल्या पाठीवर असते. आमच्या आयोजकांनी भारवाहकाकडे देण्याच्या पिशवीची मर्यादा दहा किलो ठरवली होती, कारण एक भारवाहक दोन प्रवाशांच्या पिशव्या नेतो.

आयोजकांकडून यादी आली त्या दिवशी मी ती टेबलावर ठेवून लाल पेनाने खुणा करू लागलो. छत्तीस वर्षे बँकेत काढल्यावर यादी हातात आली की हात आपोआप पेनाकडे जातो. यादीचे तत्त्व सोपे होते. एकच जाड कपडा घेण्याऐवजी थर घालायचे. अंगालगत घाम शोषून लगेच वाळणारा पातळ कपडा, त्यावर ऊब धरणारा फ्लीसचा थर, त्यावर मुक्कामी घालायचे भरगच्च जाकीट आणि सर्वांत बाहेर वारा-पाऊस अडवणारे आवरण. सुती कपडे चालत नाहीत. सूत घाम धरून ठेवते, आणि चढ संपून थांबलो की तोच ओला कपडा अंगातली ऊब काढून घेतो. आयुष्यभर सुती बंडी घालणाऱ्या मला हे पचायला जड गेले, परंतु कारण पटले.

पहिला खरा पेच जाकीट आणि स्लीपिंग बॅग यांपाशी आला. दुकानदाराने जे हलके, उबदार आणि मुठीत मावेल असे जाकीट दाखवले ते पिसांचे होते. बदके आणि हंस यांच्या अंगावरील मऊ पिसे त्यात भरलेली असतात. स्लीपिंग बॅगही तशीच. हातात घेतल्यावर ती अगदी निर्जीव, निष्पाप कापसासारखी वाटते. पण ती पिसे कुठून आली हे कळल्यावर अंगावर घालणे मला शक्य नव्हते. बुटांचेही तसेच. चामड्याचे नको म्हटल्यावर कृत्रिम धाग्यांचे, घोट्याला आधार देणारे बूट शोधावे लागले. स्लीपिंग बॅगच्या आत घालायचे अस्तर रेशमाचे होते, ते परत करून साध्या कृत्रिम कापडाचे घेतले. हे सगळे पर्याय बाजारात मिळतात, हे वाचकांना मुद्दाम सांगतो. कृत्रिम तंतू भरलेली स्लीपिंग बॅग ओलसर झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते, हा तिचा गुणही आहे. दोष एकच, वजन. माझी स्लीपिंग बॅग २ किलो १०० ग्रॅम भरली. तितक्याच थंडीसाठीची पिसांची बॅग त्याहून सुमारे पाऊण किलोने हलकी होती.

मी मनाशी समाधान मानले की पक्ष्यांची हिंसा टळली. ते पाऊण किलो कोणाच्या पाठीवर जाणार, हा प्रश्न त्या वेळी मला सुचला नाही.

तो माझ्या पत्नीला सुचला. प्रस्थानाच्या चार दिवस आधी दिवाणखान्यात सगळे सामान मांडून मी स्नानगृहातला वजनकाटा आणला. एकूण भरले एकवीस किलो. त्यात साडेतीन किलो तर खाण्याचेच जिन्नस होते. खाखऱ्याचे पुडे, मेथीचे ठेपले, सुका मेवा, भाजलेले मूग, खिचडीचे तयार मिश्रण, मुखवास. शिवाय चारशे पानांचा एक ग्रंथ, दुसरा स्वेटर, संध्याकाळसाठी वेगळे बूट. पत्नीने एकेक वस्तू उचलून पाहिली आणि म्हणाली, "अहो, हे सगळं उचलणार कोण?"

मी म्हणालो, "भारवाहक असतो ना. त्याचे पैसे दिलेले आहेत."

ती काही बोलली नाही. तिने दुसरा स्वेटर आणि वेगळे बूट बाजूला काढले, तीन सदऱ्यांचे दोन केले, साबणाची वडी अर्धी कापली. ग्रंथ आणि खाऊ यांना मात्र मी हात लावू दिला नाही. कंदमूळ चालत नाही, सूर्यास्तानंतर खायचे नाही, मग परक्या मुलखात मी जगणार कशावर? असा माझा युक्तिवाद होता. धर्माचेच कारण पुढे केल्यावर तिचा नाइलाज झाला.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगताना संकोच वाटतो. विमानतळावर वजन होणार हे ठाऊक होते. मोठी पिशवी मी नेमकी दहा किलोंची केली, हातातली पाच किलोंची. उरलेला तीन किलोंचा खाऊ मी जाकिटाच्या आणि विजारीच्या खिशांत कोंबला. अंगावरच्या कपड्यांचे वजन कोणी करीत नाही, ही युक्ती एका सहप्रवाशाने शिकवली होती आणि तीच त्यानेही केली. लुक्ल्याला उतरल्यावर खिशांतला खाऊ मोठ्या पिशवीत गेला. मग पाठीवरची पिशवी हलकी व्हावी म्हणून तो ग्रंथ, चार्जर आणि असेच दोनेक किलो सामानही तिकडे गेले. तिथे पुन्हा वजन करणारे कोणी नव्हते. बँकेत सोनेतारण कर्ज देताना काट्याचा दहावा भाग ग्रॅमही मी कधी नजरेआड होऊ दिला नव्हता. तो मी, आठ हजार फूट वर चढण्याआधीच, काटा चुकवून मोकळा झालो होतो.

पहिला दिवस उताराचा, सोपा. दुसऱ्या दिवशी दूधकोसी नदीवरचा उंच झुलता पूल ओलांडला की नामचेपर्यंत सुमारे सहाशे मीटरची सलग चढण आहे. पाठीवर जेमतेम तीन किलो असूनही दर वीस पावलांना मी थांबत होतो. एका वळणावर आमचा भारवाहक उभा दिसला. वय तेवीस-चोवीस. नेपाळी भारवाहक ओझे खांद्यांवर न पेलता कपाळावरून जाणाऱ्या रुंद पट्ट्याने पेलतात. त्याला नाम्लो म्हणतात. विसावा घेताना ओझे खाली उतरवत नाहीत, तर टोकमा नावाची आखूड काठी ओझ्याखाली टेकवून उभ्यानेच श्वास घेतात, कारण खाली बसले की पुन्हा उठणे कठीण. तो तसाच उभा होता. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मला पाहून हसला आणि म्हणाला, "अंकल, बिस्तारै." म्हणजे सावकाश चला. सल्ला तो मला देत होता!

थोड्या वेळाने एका चहाच्या टपरीपाशी त्याने ओझे दगडी कट्ट्यावर टेकवले आणि तो पाणी प्यायला आत गेला. मी सहज ते उचलून पाहण्याचा प्रयत्न केला. ते जागचे हलले नाही.

माझ्या कानांत त्या क्षणी एक शब्द आला. अतिभार.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल की श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे, म्हणजे स्थूल अहिंसाव्रताचे, पाच अतिचार सांगितले आहेत. जीवाला बांधून ठेवणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्याच्यावर शक्तीपेक्षा जास्त ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रातही हे पाच येतात. तिथे चौथ्याला अतिभारारोपण म्हटले आहे. प्रतिक्रमणात हा शब्द मी चाळीस वर्षे उच्चारत आलो. प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर एखादी बैलगाडी यायची. आपल्याकडे बैल नाही, गाडी नाही, तेव्हा हा अतिचार आपल्याला लागू नाही, असे मी नकळत गृहीत धरून पुढच्या पाठाकडे वळायचो. त्या दिवशी तो अतिचार कट्ट्यावर दोरीने बांधलेला माझ्यासमोर उभा होता आणि त्यावर माझ्याच नावाची चिठ्ठी होती.

नामचेला पोहोचल्यावर मी वाटाड्याला सर्व सांगितले आणि एका दुकानातून काटा मागवला. माझी पिशवी पंधरा किलो भरली, सहप्रवाशाची चौदा. त्या तरुणाचे स्वतःचे सामान चार किलो. एकूण तेहतीस. पदभ्रमणातील भारवाहकाच्या पाठीवर नेपाळमध्ये तीस किलोंहून जास्त ओझे असू नये, असा भारवाहकांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्यांचा दंडक आहे, आणि उंची व वाट पाहून ते त्याहूनही कमी करावे असे ते सांगतात. आयोजकांशी झालेला ठराव तर वीस किलो अधिक त्याचे स्वतःचे सामान, एवढाच होता. नऊ किलो जास्त झाले होते, त्यांतले पाच माझे. वाटाड्या त्या तरुणाला रागावला. तू बोलला का नाहीस, असे विचारू लागला. तो मान खाली घालून उभा राहिला. बोलला असता तर पुढच्या वेळी काम मिळेल की नाही, ही भीती त्याच्या गप्प राहण्यात होती, हे कळायला मला वाटाड्याने समजावण्याची गरज नव्हती. मी म्हणालो, "चूक त्याची नाही, माझी आहे." हे वाक्य हिंदीत, सर्वांसमोर म्हणताना मला जितके जड गेले तितकी ती चढणही गेली नव्हती.

त्या रात्री पिशवी पुन्हा भरली. ती कशी भरली ते सविस्तर सांगतो, कारण जाणाऱ्यांना उपयोग होईल. चौदा नियमांचे चिंतन करणाऱ्यांना उपानह, वस्त्र, वाहन, शयन, विलेपन, दिशा, स्नान ही नावे परिचित आहेत. आज किती वापरीन याची रोज मर्यादा बांधायची, हा त्यांमागचा भाव. मी कागदावर तेच शब्द लिहिले आणि प्रत्येकासमोर वस्तू मांडल्या. शयन म्हणजे स्लीपिंग बॅग आणि अस्तर. वस्त्र म्हणजे आतल्या उबदार कपड्यांचे दोन जोड, विजारी दोन, सदरे दोन, फ्लीस एक, भरगच्च जाकीट एक, पावसाचे आवरण एक, मोज्यांचे चार जोड, पातळ व जाड हातमोजे, कानटोपी. उपानह म्हणजे पायांतले बूट आणि मुक्कामी घालायच्या हलक्या चपला. बूट निघण्याआधी दोन महिने वापरून मऊ केलेले असावेत. नवे बूट म्हणजे फोड हे ठरलेले. विलेपन म्हणजे उन्हाचे मलम आणि ओठांचे मलम, कारण बर्फावरून परावर्तित होणारे ऊन त्वचा भाजून काढते. स्नानापुढे मी शून्य लिहिले. ओल्या टॉवेलने अंग पुसणे पुरते.

पाठीवरच्या पिशवीत दिवसभर लागणारेच असावे, कारण भारवाहक पुढे निघून जातो आणि मोठी पिशवी संध्याकाळीच हाती येते. पाण्याच्या बाटल्या, पावसाचे आवरण, एक उबदार थर, हातमोजे, काळा चष्मा, कपाळावर बांधायची विजेरी, औषधे, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आणि रोख रक्कम. विजेऱ्यांचे सेल आणि फोन थंडीत लवकर उतरतात, म्हणून रात्री ते स्लीपिंग बॅगेत आपल्याजवळ घ्यावेत. उंचीवरच्या आजाराची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. डोके दुखू लागले तर ते लपवू नये.

उकळलेल्या पाण्याचा आपला नियम तिथे सहज पाळला जातो, कारण तिथे तो सर्वांनाच सांगितला जातो. पाच हजार मीटरच्या सुमारास हवेचा दाब इतका कमी असतो की पाणी सुमारे ८३-८४ अंशांनाच उकळते, तरीही रोगजंतू मरण्यास ते पुरेसे असते. रात्री धातूच्या बाटलीत ते गरम पाणी भरून पायाशी ठेवले की ऊब मिळते आणि सकाळी तेच प्यायला होते. जेवणाची माझी चिंता तर अगदीच निराधार ठरली. वाटेवरच्या प्रत्येक घरगुती हॉटेलात डाळ-भात मिळतो. आधी सांगितले तर कांदा-लसणाविना करून देतात, बटाट्याची भाजी न वाढण्यास सांगता येते आणि साडेपाच वाजता ताट मांडायलाही कोणाची हरकत नसते. ज्या खाऊसाठी मी धर्माची ढाल पुढे केली होती, त्यातले अर्ध्या किलोपेक्षा जास्त मला लागले नाही.

पाच किलो सामान नामचेच्या मुक्कामीच ठेवले. परतीच्या वाटेवर ते घेता येते, तशी तिथे सोय असते. त्यातला बराचसा खाऊ मी चारही भारवाहकांना आणि वाटाड्याला दिला. खाखरा त्यांना फारसा आवडला नाही, सुका मेवा आवडला. माझ्या सहप्रवाशानेही न बोलता आपले चार किलो काढले. कृत्रिम स्लीपिंग बॅगच्या त्या पाऊण किलोबद्दलही मी विचार केला. पक्ष्याला पीडा नको, हा माझा निश्चय होता. तेव्हा त्याची किंमत माझ्या सुखसोयींतून गेली पाहिजे होती, दुसऱ्याच्या मणक्यांतून नव्हे. म्हणून पावसाचे आवरण, औषधांचा डबा आणि चपला मी माझ्या पाठीवर घेतल्या. पुढचे दिवस मी मंद चाललो, पण चाललो. दहाव्या दिवशी तळछावणीवर पोहोचलो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. नवकार मंत्र म्हणताना प्रत्येक पदानंतर श्वासासाठी थांबावे लागले.

त्या तरुणाची पिशवी मी एकदा पाहिली. एक पातळ पांघरूण, एक सदरा, मोज्यांचा जोड, फोन. इतके थोडे सामान पाहून आमच्यातील एकजण म्हणाला, "खरा अपरिग्रही तर हाच." मला ते पटले नाही. घेण्याची शक्ती असूनही मर्यादा घालणे हा अपरिग्रह. घेताच न येणे हा अभाव. त्याच्या अभावाला आपण व्रताचे नाव दिले तर आपली जबाबदारी संपते, एवढाच त्यात फायदा. भारवाहकाला जाड जाकीट, हातमोजे, चष्मा आणि विमा मिळतो की नाही, हे निघण्यापूर्वी आयोजकांना विचारणे प्रवाशाचे काम आहे. मी ते विचारले नव्हते. आता विचारतो, आणि ज्यांना ते सांगता येत नाही त्यांच्याबरोबर जात नाही.

आपले साधू-साध्वी आयुष्यभर पायी विहार करतात. जे काही उपकरण आहे ते स्वतःच्या अंगावर वाहतात आणि त्याचे रोज प्रतिलेखन करतात. आपण ती पातळी गाठू शकत नाही. परंतु प्रवासाला निघताना आपल्या पिशवीचे एकदा प्रतिलेखन करणे, ती स्वतः उचलून घरातल्या घरात दहा मिनिटे चालून पाहणे, एवढे कोणालाही जमेल. हे फक्त हिमालयासाठी नाही. शत्रुंजयावर, सम्मेतशिखरजीवर आपण डोली करतो, हमाल करतो. तिथे ठरलेला दर देताना ओझेही ठरल्याइतकेच आहे ना, हे पाहायला काय हरकत आहे?

घरी परतल्यावर पत्नीला सर्व सांगितले. तिने विचारले, "आणि तो मुलगा?" मी म्हणालो, "बरा आहे. लुक्ल्याला निरोप घेताना मी त्याची क्षमा मागितली." तिने विचारले, "त्याला कळलं का, कशाबद्दल?" मी खरे ते सांगितले. तो हसला होता आणि पुन्हा या म्हणाला होता. कळले की नाही, हे मला सांगता येत नाही.

त्यानंतरच्या संवत्सरीला प्रतिक्रमणात पहिल्या व्रताचे अतिचार आले तेव्हा 'अतिभार' या शब्दापाशी माझा आवाज अडखळला. शेजारच्यांनी वळून पाहिले. बैलगाडी या वेळी दिसली नाही. कपाळावर नाम्लो, पाठीखाली टोकमा टेकवून, मलाच सावकाश चला म्हणणारा तो तरुण दिसला. त्याला, आणि माझ्या नकळत ज्यांच्या ज्यांच्या पाठीवर माझे ओझे पडले असेल त्या सर्वांना, मिच्छामि दुक्कडम्.